इसब का होतो? आधी कारण शोधा, मग मलम

हाताला, मानेला किंवा पायाला खाज सुटते. कातडी कोरडी पडते, फुटते, कधी तिच्यातून पाणी येते. मलम लावले की बरे वाटते आणि बंद केले की पुन्हा सुरू होते. वस्त्यांमध्ये घरोघरी फिरताना ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तिच्यासोबत ठरलेली कारणेही ऐकायला मिळतात: रक्त खराब झाले, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, कोणाचा तरी लागला, बाहेरचे काहीतरी आहे. यातल्या एकानेही इसब होत नाही. खरे कारण कळले तर त्रास कमी होतो आणि मलमांवर जाणारा पैसाही वाचतो. म्हणून या वेळी इसबाविषयी, म्हणजे डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात त्याविषयी.

कातडी ही एक भिंत आहे

बांधकामावर काम करणाऱ्यांना हे लगेच समजेल. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे विटांमधला माल. भिंत पक्की असेल तर आतला ओलावा आत राहतो आणि साबण, धूळ, जंतू बाहेर राहतात. काही माणसांच्या कातडीत ही भिंत जन्मापासूनच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन कातडी घट्ट आणि ओलसर ठेवते. ते बनवणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. प्रत्येक रुग्णात हा दोष असतोच असे नाही. पण घरात कोणाला दमा, सततची सर्दी-शिंका किंवा इसब असेल तर मुलांनाही होण्याची शक्यता जास्त असते.

भिंतीला भेगा पडल्या की बाहेरच्या वस्तू आत शिरतात. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजून जोरात प्रतिकार करते. त्यातून सूज आणि खाज येते. खाजवले की भेगा आणखी वाढतात, त्यात जंतू वाढतात आणि खाज दुप्पट होते. इसब वर्षानुवर्षे रेंगाळतो तो या चक्रामुळे.

पुस्तकांत इसब लालभडक दाखवलेला असतो. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसत नाही. आपल्याकडे इसबाचा डाग काळपट, तपकिरी किंवा जांभळट दिसतो आणि कातडी जाड, खरखरीत होते. त्यामुळे पुष्कळदा "मळ साचलाय" असे समजून मुलांना दगडाने किंवा काथ्याने घासतात. त्याने भिंत आणखी फुटते.

लहान मुलांचा इसब

हा बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि डोक्यावर, मोठ्या मुलांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत. बऱ्याच मुलांचा वय वाढेल तसा कमी होतो. घाम, लोकरीचे किंवा नायलॉनचे कपडे, धूळ आणि कडक साबण यांनी तो वाढतो.

अंडी, मासे, सुकट, दूध सरसकट बंद करू नका. आहारातल्या वस्तूने इसब वाढणे हे काही थोड्या मुलांतच, मुख्यतः तान्ह्यांत आणि ज्यांचा इसब तीव्र आहे त्यांच्यात आढळते. ती वस्तू कोणती हे डॉक्टरांनी तपासून सांगायचे असते. नुसत्या ऐकीव गोष्टीवरून मुलाचे अंडे बंद केले तर इसब तसाच राहतो आणि मूल मात्र अशक्त होते.

मोठ्यांचा इसब: कारण कामात शोधा

वस्तीतल्या मोठ्या माणसांच्या इसबाचे कारण पुष्कळदा त्यांच्या रोजच्या कामात सापडते.

धुणीभांडी करणाऱ्या भगिनींचे हात दिवसभर पाण्यात आणि साबणात असतात. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तर कपड्यांचा साबण आणि पावडर तिच्या उलट, अल्कधर्मी. तो विटांमधला माल धुऊन नेतो. बोटांच्या पेरांना भेगा पडतात. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांचीच टोके फुटत असतील तर लसूण सोलण्याकडे लक्ष द्या.

गवंडी आणि बिगारी यांच्या इसबाला सिमेंटमधला क्रोमियम जबाबदार असतो. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळले की हा धोका खूप कमी होतो. डेन्मार्कने १९८३ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ मध्ये सिमेंटमधल्या या क्रोमियमवर कायद्याने मर्यादा घातली. म्हणजे हा आजार कामगाराच्या नशिबाचा नाही, तो टाळता येतो. चामडे कमावतानाही क्रोमियम वापरतात, म्हणून चामड्याच्या चपलेच्या पट्ट्याखाली इसब होऊ शकतो. रबरी चपलेतल्या रसायनांनीही होतो.

नकली दागिने, घड्याळाचा पट्टा आणि पँटचे बटण यांतल्या निकेलमुळे, केसांच्या काळ्या रंगामुळे आणि टिकलीच्या गोंदामुळेही इसब होतो. डाग नेमका त्याच जागी उठतो, त्यामुळे कारण ओळखणे सोपे जाते.

शेतात, रस्त्यावर, सफाईच्या कामात असणाऱ्यांनी गाजर गवत लक्षात ठेवावे. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. भारतात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि पुढे पुणे परिसरात त्याने झालेल्या इसबाचे खूप रुग्ण आढळले. त्याचे सुकलेले कण हवेतून उडून चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत बसतात. गवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

इसब लागत नाही

इसब एकाचा दुसऱ्याला होत नाही. इसब झालेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवणे, बाईच्या हातचे पाणी नाकारणे हे अज्ञान आहे. स्पर्शाचा विटाळ मानणारा समाज काय करतो हे आपल्या पिढ्यांनी भोगले आहे. निदान आपल्या घरात तरी असे होऊ नये.

मात्र लागणारे दोन आजार इसबासारखे दिसतात. गजकर्ण बुरशीने होते, त्याची कड गोल आणि उठावदार असते. खरूज सूक्ष्म किड्याने होते, रात्री खाज वाढते आणि घरातल्या अनेकांना एकदम होते. या तिघांची औषधे वेगळी आहेत.

म्हणूनच मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब" आणू नका. अशा बहुतेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असते. गजकर्णावर लावले तर खाज थांबते पण बुरशी आतून पसरते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. डॉक्टरांनी इसबासाठी स्टेरॉइड दिले तर घाबरू नका. सांगितले तितकेच दिवस लावा. बोटाच्या टोकाच्या पेराइतके मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

घरी काय करावे

- अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात उरकावी. अंग घासू नये, टिपून घ्यावे.
- अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. दिवसातून दोन-तीनदा, खाज नसतानाही.
- भांडी-कपडे धुताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालावेत. काम झाले की हात पुसून जेली लावावी.
- नखे कापून ठेवावीत. मुलांना सैल सुती कपडे घालावेत.
- चुना, रॉकेल, लसणाचा रस लावू नये. कातडी भाजते.
- कोणत्या दिवशी खाज वाढली आणि त्या दिवशी काय हाताळले, हे दोन आठवडे वहीत लिहावे.

ती वही घेऊन सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जा. कारण सापडत नसेल तर मोठ्या रुग्णालयात पॅच टेस्ट होते. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. जखमेत पू झाला, ताप आला, किंवा दुखणारे बारीक फोड एकदम उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

"काम सोडा" हा सल्ला आम्ही देत नाही. काम सोडले तर चूल कशी पेटणार? पण हातमोजे मागता येतात. एकटीने मागितले तर मालकीण किंवा ठेकेदार टाळतो. एका इमारतीत, एका साइटवर काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून मागा. डॉक्टरांच्या कागदावर "कामामुळे झालेला इसब" असे लिहून घ्या, तो कागद मागणीच्या वेळी उपयोगी पडतो.