फोन वाजतो, पण आवाज कुठे अडतो?

सकाळी साडेदहाची वेळ. पुण्यातल्या एका ऑफिसात रिसेप्शनवरची मुलगी गिऱ्हाइकाचा फोन घेते, "एक मिनिट हं, अकाउंट्सला देते," म्हणते आणि 214 दाबते. ऑफिसात 214च्या टेबलावर कोणीच नाही. फोन वाजतो सांगलीत, अकाउंटंटच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. ते उचलून "हॅलो, हॅलो" करत राहतात. गिऱ्हाइकाला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येतो, त्यांना मात्र पलीकडचं काहीच नाही. मग फोन आपटला जातो आणि "हे यंत्रच भंगार आहे" असा निकाल लागतो.

हा प्रसंग काल्पनिक, पण घरून काम करणाऱ्या कित्येकांना तो ओळखीचा वाटेल. आणि यात यंत्राचा दोष बहुधा नसतोच.

ऑफिसचं एक्स्टेंशन ऑफिसबाहेर नेण्याची हौस जुनी आहे. टेलिफोन खात्याच्या काळात साहेबांच्या बंगल्यावर किंवा दूरच्या गोदामात 'एक्स्टर्नल एक्स्टेंशन' मिळायचं. त्यासाठी तांब्याच्या तारांची स्वतंत्र जोडी लागायची आणि तिचं वेगळं भाडं भरावं लागायचं. तार तुटली की लाइनमनची वाट बघायची, एवढाच काय तो बिघाड! इंटरनेटने ही तार काढून टाकली. इंटरनेटवरून कॉल जोडण्याचे 'सिप' नावाचे नियम आज जगभर वापरतात. ते सध्याच्या रूपात 2002 साली प्रसिद्ध झाले. त्याआधी 1999मध्ये अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन बोर्ड विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने तो सॉफ्टवेअर म्हणून स्वतःच लिहून काढला. त्याचं नाव 'अ‍ॅस्टेरिस्क'. आज साध्या कॉम्प्युटरवर चालणारे कितीतरी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसांचे टेलिफोन बोर्ड, त्याच्यावरच उभे आहेत.

सांगलीतला फोन वायफायला जोडला, की तो आधी पुण्यातल्या बोर्डाला हजेरी देतो: मी 214, सध्या अमुक पत्त्यावर आहे. बोर्ड आधी पासवर्ड मागतो. बोर्डाच्या नोंदींमध्ये तेव्हा 401 असा आकडा दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. पण वॉचमनने पास विचारावा, तसंच हे. काळजी करायची ती 403 दिसला तर, कारण तो सरळ नकार आहे. 408 म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही.

खरी गोम पुढे आहे. या फोनचा कॉल दोन वेगळ्या वाटांनी जातो. रिंग वाजवणं, उचलल्याचं कळवणं, ठेवल्याचं कळवणं हे निरोप एका वाटेने जातात आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्या. म्हणून रिंग नीट वाजते आणि आवाज मात्र गायब होतो. घरच्या फोनचा पत्ता बहुधा 192.168 असा सुरू होतो. हा पत्ता घराच्या राउटरपुरताच, बाहेर त्याला अर्थ नाही. फोनने आवाज पाठवण्यासाठी हाच पत्ता बोर्डाला कळवला आणि बोर्डाने तो खरा मानला, तर पुण्याहून निघालेला आवाज सांगलीला पोचतच नाही. वरच्या प्रसंगातल्या अकाउंटंटचं हेच झालं. तक्रार उलटी असेल, म्हणजे घरच्या माणसाला ऐकू येतं पण त्याचं कोणालाच नाही, तर आधी ऑफिसकडचा पत्ता आणि फायरवॉल तपासावा.

यात भर घालतं राउटरमधलं 'सिप एएलजी' नावाचं बटण. मदत म्हणून ठेवलेलं हे बटण पुष्कळदा निरोपातले पत्ते चुकीचे बदलतं. ते बंद केल्यावर गाडी रुळावर आल्याचा अनुभव आयटीवाल्यांना रोजचा आहे.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे "मी फोन लावू शकतो, पण मला येत नाहीत." राउटर बाहेरच्या उत्तरासाठी दार उघडतो खरं, पण वापर नसेल तर थोड्या वेळात, कधी अर्ध्या मिनिटातच, लावूनही घेतो. फोनची हजेरी मात्र तासाने असू शकते. मधल्या वेळात आलेला कॉल दारावरून परत जातो. फोनच्या सेटिंगमधलं 'कीप अलाइव्ह' वीस-पंचवीस सेकंदांवर ठेवलं की दार उघडं राहतं.

आणि कॉल दर वेळी साधारण 32 सेकंदांनीच तुटत असेल तर घड्याळ लावून बघावं. फोन उचलल्याचा निरोप पोचल्याची पावती बोर्डाला मिळाली नाही, तर तो नियमाप्रमाणे तेवढा वेळ थांबतो आणि कॉल सोडून देतो. म्हणजे इथेही पत्त्याचाच घोळ.

आवाज तुटक येतो तेव्हा लोक जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला धावतात. त्याची गरज क्वचितच असते. नेहमीच्या दर्जाच्या एका कॉलला प्रत्येक दिशेला सेकंदाला जेमतेम 90 किलोबिट लागतात. आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास, आणि ते एका लयीत पोचावे लागतात. घरातला कोणी लग्नाचा व्हिडिओ अपलोड करत बसला की ही लय बिघडते. लय वायफायमुळे बिघडत असेल, तर फोन वायफायवरून काढून केबलने राउटरला जोडणं हा स्वस्त उपाय.

दोष कोणाचा, हे ठरवायला मोबाइलवर त्याच एक्स्टेंशनचं सॉफ्टफोन अ‍ॅप टाकावं आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर कॉल करावा. तिथे सगळं सुरळीत असेल तर संशय घरच्या राउटरवर जातो. तिथेही तोच रोग दिसला तर ऑफिसकडे बोट दाखवायला हरकत नाही. पत्त्यांच्या घोळातून कायमची सुटका हवी असेल तर फोन व्हीपीएनमधून जोडावा. मग सांगलीचा फोन पुण्याच्याच नेटवर्कात असल्यासारखा वागतो.

घरबसल्या एक्स्टेंशनला आपल्याकडे कायद्याचीही अडचण होती. कॉल सेंटर आणि बीपीओंवरची बरीच बंधनं दूरसंचार विभागाने 5 नोव्हेंबर 2020च्या नियमांनी काढली आणि घरून काम करणाऱ्या एजंटची वाट मोकळी केली.

बोर्ड इंटरनेटवर उघडा ठेवला की चोरही येतात. 201 नंबरच्या एक्स्टेंशनचा पासवर्ड 201 ठेवणारी ऑफिसं त्यांना फार आवडतात. रात्रभर परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल होतात आणि बिल ऑफिसच्या नावावर येतं. लांब पासवर्ड आणि गरज नसलेल्या एक्स्टेंशनवर आयएसडी बंद, एवढं आजच करून टाकावं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगवर सोडू नये. घरातल्या या फोनवरून 112 लावला तर कॉल ऑफिसच्या लाइनवरून बाहेर पडतो आणि त्या लाइनवर पत्ता असतो ऑफिसचा. सांगलीत कोणाला छातीत दुखू लागलं, तर 112 आपल्या मोबाइलवरूनच लावा.