अस्थिमज्जेतील पेशींचे संप्रेरकीय कार्य : एरिथ्रोफेरॉन

प्रस्तावना
संप्रेरक म्हटले की अवटू, स्वादुपिंड यांसारख्या ग्रंथींचे स्मरण होते. अस्थिमज्जेकडे मात्र केवळ रक्तपेशी निर्माण करणारी ऊती म्हणून पाहिले जाते. वस्तुतः मज्जेतील पेशी दूरच्या अवयवांना संदेश देणारे रेणूही स्रवतात. एरिथ्रोफेरॉन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

लोहाचे नियमन
प्रौढ व्यक्तीच्या मज्जेत दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या रक्तपेशी तयार होतात. त्यासाठी २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आतड्यातून केवळ १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते. उर्वरित लोह जीर्ण रक्तपेशींच्या विघटनातून मिळते. या दोन्ही मार्गांवर यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाचे नियंत्रण असते. हेप्सिडिन वाढले की लोह रक्तात येण्याची वाट बंद होते. घटले की ती खुली होते.

मज्जेचा संदेश
रक्तस्रावानंतर मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन अधिक प्रमाणात स्रवते. त्याच्या प्रभावाने मज्जेतील अपक्व तांबड्या पेशी एरिथ्रोफेरॉन निर्माण करतात. हे प्रथिन रक्तावाटे यकृतापर्यंत पोहोचते आणि हेप्सिडिनच्या निर्मितीस चालना देणाऱ्या प्रथिनांना बांधून ठेवते. परिणामी हेप्सिडिन घटते व मज्जेस लोह उपलब्ध होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील टोमास गान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली या संप्रेरकाचा शोध प्रसिद्ध केला. ज्या उंदरांत त्याचे जनुक नव्हते, त्यांच्यात रक्तस्रावानंतर हेप्सिडिन त्वरेने घटले नाही आणि हिमोग्लोबिनही सावकाश भरून आले.

वैद्यकीय महत्त्व
बीटा थॅलेसेमियात अपक्व तांबड्या पेशींची संख्या अतोनात वाढते; परंतु त्यांपैकी अनेक पेशी पक्व होण्यापूर्वीच नष्ट होतात. मज्जा मात्र लोहाची मागणी करीतच राहते. त्यामुळे बाहेरून रक्त न दिलेल्या रुग्णातही आतड्यातून लोहाचे अतिशोषण होऊन ते यकृतात साठते. म्हणजे रुग्ण रक्तक्षयी असूनही त्याच्या शरीरात लोहाचा अतिरेक असतो. अशा रुग्णास केवळ फिकटपणा पाहून लोहाच्या गोळ्या देणे अपायकारक ठरू शकते. महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत कमी हिमोग्लोबिन आढळल्यास त्याचे कारण आधी शोधणे म्हणूनच अगत्याचे आहे.

समारोप
सारांश, अस्थिमज्जा ही रक्तनिर्मितीसाठी लागणारा कच्चा माल स्वतः मागवून घेणारी ऊती आहे. ही मागणी अनावर झाल्यास तीच व्याधीचे कारण बनते, आणि म्हणूनच एरिथ्रोफेरॉनला अटकाव करण्याचा मार्ग हा आज संशोधनाचा विषय झाला आहे.