एकात एक अडकलेले डबे

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पार्सलचे डबे चळतीनेच मिळतात. जेवणाच्या गर्दीत त्यातला एक डबा चटकन सुटला नाही, तर खानावळीचे काम खोळंबते.

अडकण्याची कारणे दोन. भिंतींचा उतार कमी असला की वरचा डबा खालच्यात पाचरीसारखा रुततो. दुसरे कारण हवेचे: भिंती घट्ट भिडल्या की ओढताना आत हवा शिरत नाही, तिथला दाब घटतो आणि बाहेरची हवा डबे दाबून धरते. डबे ओलसर असतील तर हा त्रास वाढतो.

साच्यातून डबा निघावा म्हणून भिंतीला साधारण १ ते २ अंशांचा उतार देतात. चळतीसाठी तेवढा पुरत नाही. आतून छोटी पायरी किंवा उभ्या कडा काढल्या, तर वरचा डबा त्यांवर टेकतो आणि हवेला वाट राहते. ही सोय साचा बनवतानाच करायला हवी.

विकत घेताना चळतीतल्या काठांमध्ये सारखी फट आहे का, ते पाहा. घरी डबे अडकलेच, तर आतल्यात गार पाणी भरा आणि बाहेरचा गरम पाण्यात धरा. बाहेरचा प्रसरण पावून सैल होतो.