गुग्गुळ, कोलेस्टेरॉल आणि सत्याची कसोटी

बंगळुरूच्या चिकपेट भागात ‘ग्रंधिगे अंगडी’ कुठे आहे, असे विचारले तर कोणीही बोट दाखवील. ग्रंधिगे अंगडी म्हणजे आपल्याकडचे काष्ठौषधींचे दुकान. देवापुढे जाळायचा गुग्गुळ तिथे मिळतो. रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले की पुष्कळ घरांत याच गुग्गुळाच्या गोळ्यांची चौकशी सुरू होते. ‘झाडपाल्याचे औषध, अपाय थोडाच होणार?’ या विश्वासाने डॉक्टरांची गोळी मागे पडते. पण हा विश्वास कसोटीला कितपत उतरतो? विशेष म्हणजे, ही कसोटी ज्या शहरांत घेतली गेली त्यांत बंगळुरूही होते.

सशांपासून माणसांपर्यंत

सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्या वर्णनाचा धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. १९६६ साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. गुग्गुळ दिलेल्या सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले होते. पुढे याच सत्यवती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या डिंकातून ‘गुगुलिपिड’ हा अर्क तयार केला. मुंबई, बंगळुरू, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी येथील रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०५ रुग्णांनी १२ आठवडे रोज तीन वेळा ५०० मिलिग्रॅम अर्क घेतला. त्यांपैकी ७० ते ८० टक्के रुग्णांचे कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी घटले.

आकडा का बदलला?

या पहिल्या फेरीत आपण काय घेतो आहोत, हे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या फेरीत गुगुलिपिडची तुलना क्लोफिब्रेट या त्या काळच्या औषधाशी केली गेली आणि कोणती गोळी कोणती, हे रुग्णांपासून व डॉक्टरांपासून लपवले गेले. आता गुगुलिपिडने झालेली सरासरी घट ११ टक्के भरली. क्लोफिब्रेटची १० टक्के. म्हणजे गुग्गुळ त्या औषधाच्या तोडीचा ठरला खरा, पण पहिला मोठा आकडा निम्म्याहून खाली आला!

औषध सुरू झाले की माणूस तूप-तळणही कमी करतो, चालायला लागतो. शिवाय कोलेस्टेरॉल आपोआपही थोडे वरखाली होते. म्हणूनच औषध नसलेल्या, पण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या गोळीशी तुलना करावी लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी १०३ जणांवर ८ आठवडे अशी तुलना केली आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. खोटी गोळी घेणाऱ्यांचे अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी उतरले. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे मात्र ४ ते ५ टक्क्यांनी चढले. शिवाय सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले.

लसूण, हळद, दालचिनी

क्लीव्हलँड येथील संशोधकांनी २०२२ मध्ये लसूण, हळद, दालचिनी यांच्यासह सहा पूरक पदार्थांची अशीच परीक्षा घेतली. त्यांतला एकही एलडीएल उतरवण्यात खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. रोसुवास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमच्या लहानशा मात्रेने मात्र एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी घटले. अर्थात ही चाचणी अवघ्या २८ दिवसांची होती आणि तिचा खर्च औषध कंपनीने उचलला होता, हेही ध्यानात ठेवायला हवे. फोडणीतला लसूण वाईट नाही. तो औषधाची जागा घेत नाही, एवढेच.

मग वनस्पतींत काहीच नाही का? आहे. इसबगोल पित्तरसातील आम्ले धरून ठेवतो व शौचावाटे बाहेर नेतो. नवी आम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. ही घट बेताचीच असते, पण अनेक चाचण्यांत टिकलेली आहे. मात्र इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून वेळेचे अंतर ठेवून घ्यावा.

हे लक्षात ठेवा

- डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नका. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, म्हणून नुकसान उशिरा कळते.
- गुग्गुळ घेत असाल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या रक्तदाबाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण त्याने घटते, असे १९९४ च्या एका भारतीय अभ्यासात आढळले.
- ‘इतके टक्के गुण’ अशी जाहिरात दिसली, तर एकच प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत?