काटा अडला, तरी चालणे सोडू नका

जादा वजनाने गुडघे दुखतात. मधुमेह आणि रक्तदाब जडण्याची भीती वाढते. म्हणून पुष्कळ जण वजन उतरवायला लागतात. महिनाभर नेटाने चालतात. मग घरात लग्न निघते. दोन दिवस गोडाधोडाचे जेवण होते. काटा एक किलो वर जातो. माणूस म्हणतो, "गेली सगळी मेहनत!" आणि चालणे सोडून देतो.

पण ती बहुतेक चरबी नव्हेच. दोन दिवसांत एवढी चरबी चढत नाही. खारट, गोड जास्त खाल्ले की अंगात पाणी साठते. रोजचे साधे जेवण सुरू केले की ते काही दिवसांत उतरते.

कधी वजन एकाच जागी अडते. अंग हलके झाले की त्याला अन्नही कमी पुरते. तेव्हा साखर-तेल आणखी कमी करा. चालणे थोडे वाढवा.

८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले, तरी मोठा फायदा आहे. वजन १ किलो उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो.

एक दिवस खुरपणी चुकली, म्हणून कुणी पीक सोडून देते का? मग उद्या सकाळी पुन्हा चालायला निघा.