घंटा नऊची झाली. दिवा कधी मालवायचा?

मी जन्मभर शिक्षकी केली, पण घरातल्या लेकराची झोप मोजायला विसरलो. ही कबुली आधीच दिलेली बरी.

नात सहावीत. मार्च उजाडला की आमच्या नायगावला शाळा सकाळची होते. उन्हाच्या दृष्टीनं ते योग्यच. पण रात्री पत्रे लवकर निवत नाहीत. पोरगी गणितात चुकायला लागली, शब्दाशब्दाला रडायला लागली. एकदा मी तिला 'मठ्ठ' म्हणालो. दोन दिवसांनी तिच्या बाईच भेटल्या. "गुरुजी, पहिल्या तासाला ती डुलक्या घेते. रात्री झोपते तरी कधी?"

मी हिशेब मांडला. मालिका संपल्यावर जेवण, मग काकाच्या मोबाइलवर डोळे, झोपायला साडेअकरा. पहाटे साडेपाचला हाक. म्हणजे सहा तास! सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ साली सांगितलं आहे. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा. दिवसा शिकलेलं झोपेतच मनात मुरतं. वाढीचं संप्रेरकही गाढ झोपेत अधिक स्रवतं. वयात येताना तर झोपेची वेळच पुढं सरकते. तो आळस नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न मांडला. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. चांगलं झालं. पण सहावीचं काय? आणि घंटा सरकारनं पुढं नेली, तरी रात्रीचा दिवा आपल्याच हातात ना?

आम्ही आता आठला जेवतो. नऊला टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाइल फडताळात, मोठ्यांचे आधी! सायंकाळी गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकतो. सकाळच्या शाळेच्या दिवसांत जेवणानंतर तिला थोडी वामकुक्षी. तीही तासाच्या आत, नाहीतर रात्री झोप लागत नाही. रविवारीही उठण्याची वेळ फारशी हलवत नाही.

चमत्कार झालेला नाही. गणित अजून चुकतं. पण रडणं थांबलं, आणि परवा हाक मारण्याआधीच ती उठून बसली. लवकर उठण्याचं कौतुक आपण पिढ्यान् पिढ्या केलं, लवकर निजवण्याचं मात्र विसरलो.

'मठ्ठ' म्हटल्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती ऐकायला जागी नव्हती. गाढ झोपली होती.