सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही
(जुन्या गाडीची देखभाल : लेखांक 6)

सेल्फच फिरत नसेल तर काय पाहायचं, ते गेल्या आठवड्यात बोललो. या वेळी उलटी तक्रार. किल्ली फिरवली की इंजिन झकास फिरतं, पण पेट घेत नाही. उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे सगळ्यांच्या ओळखीची.

अशा वेळी लोक सेल्फ मारत राहतात. त्याने बॅटरी उतरते आणि प्लग पेट्रोलने भिजतात, म्हणजे एका दोषाचे तीन होतात. त्याहून महागात पडतं ते अंदाजाने कार्बोरेटर उघडणं. माझं ठाम मत आहे, कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी करंट, मग पेट्रोल.

एका प्लगची वायर काढून तिच्यात जादा प्लग बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका, तिच्यात हजारो व्होल्ट असतात. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळी आणि जोरकस हवी. पिवळट, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडा.

बहुतेकदा दुखणं इथेच सापडतं. सेल्फ मारताना रोटर जागचा हलत नसेल, तर टायमिंग चेन तुटलेली असू शकते. तिथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. रोटर फिरत असेल तर पॉइंट पाहा. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो, तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्यातून प्लगची ठिणगी जन्मते. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर ही उघडझाप 8000 वेळा होते! एवढ्या कामाने पॉइंट काळे पडणारच. बारीक पॉलिश पेपरने ते साफ होतात. पण आठवडाभरात पुन्हा जळाले, तर कंडेन्सर बदला. पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरणं हे त्याचं काम. पावसाळ्यात झाकणाच्या आत ओल धरते, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसून घेतलं तरी गाडी सुरू होते. झाकणाला केसाएवढी चीर दिसली, तर मात्र नवंच घ्या.

करंट चांगला असेल, तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपाकडे वळा. गॅरेजात याला एसी पंप म्हणतात. इंजिन गार असताना कॉइलकडे येणारी बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडून सेल्फ मारा. पेट्रोल थांबून थांबून, पण जोराने आलं पाहिजे. घाट चढून तापलेली गाडी बंद पडली असेल, तर पेट्रोलची वाफ अडकलेली असते. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं ठेवत, ते अगदी योग्यच होतं.

गार इंजिनातही पेट्रोल येत नसेल आणि टाकी, नळ्या, फिल्टर ठीक असतील, तर पंपाचा डायफ्राम फाटलेला असण्याचा संभव मोठा. फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर नवा डायफ्राम बसवल्यावर ऑइलही बदला. तोवर सेल्फ मारू नका.